मेंदूवरची दगडी गाठ

विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाची जी हकिगत आली आहे, त्यातील भगवंतांवरील उपचारांचा भाग आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असतो. राजगृहाच्या श्रेष्ठीचा भाग मात्र फारसे कोणी सांगत नाही. या श्रेष्ठीला सात वर्षे डोक्याचे दुखणे होते. मोठमोठे वैद्य आले, बिदागी घेऊन गेले, गुण काही आला नाही. शेवटी काही वैद्य म्हणाले हा पाचव्या दिवशी जाणार, काही म्हणाले सातव्या. तेव्हा राजा बिंबिसाराच्या आज्ञेने जीवक आला. त्याने श्रेष्ठीला विचारले की एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि उताणे सात महिने पडून राहता येईल का? श्रेष्ठी हो म्हणाला. मग जीवकाने त्याला मंचकाला बांधले, डोक्याची कातडी चिरली, कवटीचा सांधा उघडला, आतून दोन किडे काढून लोकांना दाखविले, सांधा बंद केला, कातडी शिवली आणि लेप लावला. श्रेष्ठीला एका कुशीवर सात दिवसांपेक्षा जास्त पडवेना. दुसऱ्या कुशीवरही तेच, उताणेही तेच. एकविसाव्या दिवशी तो बरा होऊन उठला. तेव्हा जीवकाने त्याला सांगितले की एवढेच दिवस लागणार हे मला आधीच माहीत होते. पण सात महिने म्हटले नसते तर तू सात दिवसही पडून राहिला नसतास.

किड्यांची गोष्ट जशीच्या तशी घडली असेल असे माझे म्हणणे नाही. पण मी महापालिकेच्या इस्पितळात परिचारिका म्हणून नोकरी केली, त्यातली बरीच वर्षे मेंदूच्या शस्त्रक्रियागृहात काढली. त्यामुळे ही कथा वाचताना मला हसू येते. सात दिवस पदरात पाडून घ्यायचे तर सात महिने मागावे लागतात, हे वॉर्डातल्या प्रत्येक सिस्टरला ठाऊक असते. आणि डोके उघडणे म्हणजे मरण नव्हे, एवढे तरी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगणाऱ्याला सुचले होते. आपल्या वस्तीत मात्र आजही कोणाच्या डोक्यात गाठ निघाली की घरात सुतकी कळा पसरते. म्हणून संपादक मंडळाने आरोग्यावर काहीतरी लिहा म्हटल्यावर मी हाच विषय घेतला. मेंदूच्या सगळ्या गाठींविषयी लिहिण्याची माझी पात्रता नाही. एकाच प्रकारच्या गाठीविषयी लिहिते. ती कर्करोगाची नसते, हळूहळू वाढते आणि वाढता वाढता दगडासारखी टणक होते.

२०१३ सालची गोष्ट. आमच्या विहारात रविवारच्या वंदनेला नियमाने येणाऱ्या एक मावशी होत्या, वय अठ्ठावन्नच्या आसपास. वर्षभर त्या म्हणत होत्या की उजव्या पायात चप्पल राहत नाही. चप्पल मागे पडलेली असायची आणि मावशी चार पावले पुढे गेलेल्या असायच्या, त्यांना पत्ताच नसायचा. आम्ही हसायचो, तर त्याही हसायच्या. कोणी म्हणाले वात आहे, कोणी म्हणाले मणक्याची नस दबली आहे. कमरेचा एक्स-रे झाला, तेल झाले, पट्टा झाला. धम्मदीक्षेला इतकी वर्षे झाली तरी शेजारच्या एकीने बाहेरचे काही आहे का बघून या असेही सुचविलेच. मावशींनी तिला चांगले खडसावले. सकाळी उठल्यावर डोके दुखायचे, पण ते चहा न मिळाल्यामुळे, अशी त्यांची समजूत होती. पुढे जयंतीच्या तयारीत असताना त्यांचा उजवा पाय थडथड उडू लागला, मग हात, आणि त्या खाली पडल्या. कोणीतरी नाकाला चप्पल लावली, दुसऱ्याने कांदा आणला. फिट आलेल्या माणसाला यातले काहीही करू नये. तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. त्याला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टोकदार वस्तू सराव्यात आणि घड्याळ बघावे. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी बोलवावी. पहिल्यांदाच आली असेल तर थांबली तरी इस्पितळ गाठावे, कारण प्रौढ वयात पहिल्यांदा आलेली फिट हे मेंदूच्या गाठीचे लक्षण असू शकते.

सी.टी. स्कॅनमध्ये हाड पांढरे दिसते आणि मेंदू राखाडी. मावशींच्या स्कॅनमध्ये कवटीच्या आत, डोक्याच्या मध्यरेषेला लागून डावीकडे, लिंबाहून मोठा असा हाडाइतकाच पांढरा गोळा दिसत होता. सहा सेंटीमीटर. मुलाने तो फोटो माझ्यासमोर धरला आणि विचारले, "ताई, आईच्या डोक्यात हाड वाढलंय का?"

ते हाड नव्हते. मेंदूभोवती तीन आवरणे असतात. त्यांपैकी मधल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या आवरणाच्या पेशींपासून जी गाठ निर्माण होते, तिला मेनिंजिओमा म्हणतात. हे नाव अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९२२ साली रूढ केले. मेंदूत व त्याच्या आवरणांत मूळ धरणाऱ्या गाठींपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक याच असतात. स्त्रियांमध्ये त्या पुरुषांच्या दुप्पट आढळतात आणि साधारण ऐंशी टक्के गाठी सौम्य प्रतीच्या असतात. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की ही गाठ मेंदूची नाहीच. ती आवरणाची. मेंदूत ती घुसत नाही, बाहेरून त्याला ढकलते. भाड्याने राहायला आलेला कुळवाला जसा हळूहळू घरमालकाला एका खोलीत कोंबतो, तसा प्रकार असतो. वर्षाला एक-दोन मिलिमीटर अशी वाढ असेल तर मेंदू बिचारा सरकत राहतो, तक्रार करीत नाही. म्हणूनच ती एवढी मोठी होईपर्यंत पत्ता लागत नाही.

ही गाठ टणक का होते? या गाठीच्या पेशी भोवऱ्यासारख्या गोल गोल मांडणीत वाढतात. भोवऱ्याच्या मध्यावरच्या पेशी मरतात आणि तिथे चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे थर बसत जातात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. सूक्ष्मदर्शकाखाली वाळूचे कण पसरल्यासारखे दिसते. ग्रीक भाषेत वाळूला जो शब्द आहे त्यावरूनच या कणांना सॅमोमा म्हणतात. काही गाठींत हे कण तुरळक असतात, काहींत एवढे दाटतात की सगळी गाठच दगड होते. दूध जास्त प्यायल्याने किंवा कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्याने असे होते का, असे बायका विचारतात. तसे नाही. मोबाईलने होते असेही सिद्ध झालेले नाही. लहानपणी डोक्याला किरणोपचार झाले असतील तर पुढे अशा गाठीची शक्यता वाढते, आणि काही संप्रेरकांच्या औषधांशीही तिचा संबंध दिसून आला आहे. बहुतेक रोग्यांत मात्र असे काही कारण सापडत नाही.

चुना साठलेली गाठ सहसा आणखी सावकाश वाढते. त्यामुळे सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या डोक्यात, पडल्यावर काढलेल्या स्कॅनमध्ये, बोराएवढी पांढरी गाठ योगायोगाने दिसली आणि तिचा काही त्रास नसला, तर डॉक्टर पुष्कळदा तिला हातही लावत नाहीत. ठराविक काळाने फक्त स्कॅन करतात. अशा वेळी नातेवाइकांना वाटते की पैसे नाहीत म्हणून टाळताहेत. तसे समजू नये. मावशींची गोष्ट वेगळी होती. गाठ मोठी, पाय जात चाललेला, फिट आलेली आणि भोवतालच्या मेंदूला सूज. औषधाने दगड विरघळत नाही. एवढ्या मोठ्या गाठीला किरणांचा उपचारही चालत नाही. तो साधारण तीन सेंटीमीटरपर्यंतच्या गाठींसाठी असतो. ऑपरेशन करणे भाग होते.

आता पायच का गेला, ते सांगते. डोक्याच्या मधोमध, बायका जिथे भांग पाडतात त्या रेषेच्या खालून, मेंदूचे वापरलेले रक्त परत नेणारी एक मोठी नीला जाते. डॉक्टर तिला सायनस म्हणतात. सर्दीच्या सायनसशी हिचे काही नाते नाही. या नीलेला लागून, मेंदूच्या मधल्या भागात, पाय हलविणारे केंद्र असते. डावीकडचे केंद्र उजवा पाय हलविते. मावशींची गाठ नेमकी तिथे, नीलेच्या भिंतीला चिकटून वाढली होती. चप्पल पायातून सुटायची ती त्यामुळे.

याच जागेच्या गाठीचा एक रोगी इतिहासात प्रसिद्ध आहे. अमेरिकन सैन्यातील जनरल लेनर्ड वूड यांच्या डाव्या पायाला झटके येत व तो लुळा पडत चालला होता. १९१० साली कुशिंग यांनी त्यांची गाठ काढली. त्या काळात सी.टी. स्कॅन नव्हता, रक्तपेढी नव्हती, रक्त थांबविणारी विजेची सुई नव्हती. वूड बरे झाले, सैन्याचे प्रमुख झाले, पुढे फिलिपाइन्सचे गव्हर्नर जनरलही झाले. पण गाठ पुन्हा वाढली. १९२७ साली कुशिंग यांनीच पुन्हा ऑपरेशन केले आणि त्यानंतर काही तासांतच रक्तस्रावाने वूड यांचा मृत्यू झाला. एकाच माणसाला सतरा वर्षे मिळाली ती ऑपरेशनमुळे, आणि शेवटही ऑपरेशनात झाला. हा प्रसंग मी मुद्दाम सांगितला. गाठ साधी असली तरी जागा साधी नसते.

मावशींच्या मुलाला आमच्या सरांनी समोर बसवून सर्व समजावले. गाठ कर्करोगाची वाटत नाही. ऑपरेशन सात-आठ तास चालेल. जीवाला धोका थोडा आहे पण आहे. पाय ऑपरेशननंतर आणखी कमजोर होईल, तो बहुधा परत येईल, पण तशी खात्री देत नाही. आणि गाठीचा जो भाग नीलेच्या भिंतीत आहे तो कदाचित मागे ठेवावा लागेल. मुलाने सही केली. पण या शेवटच्या वाक्याकडे त्याचे लक्ष नव्हते, हे पुढे कळले.

पैशाचा प्रश्न त्या वेळी सुटला तो राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेमुळे. ती २०१२ साली मुंबईसह आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती आणि घरात केशरी रेशनकार्ड होते. २०१७ पासून तिला महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना हे नाव आहे. शिवाय धर्मादाय इस्पितळांना दहा टक्के खाटा निर्धन रोग्यांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने राखाव्या लागतात, हेही पुष्कळांना माहीत नसते. इस्पितळातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटल्याशिवाय दागिने गहाण टाकू नयेत.

ऑपरेशनच्या आधी काही दिवस मेंदूची सूज उतरविणारे औषध आणि फिटची गोळी चालू होती. सकाळी साडेसातला मावशींना आत घेतले. डोके तीन टोकांच्या पकडीत घट्ट बसविले, कारण सूक्ष्मदर्शकाखाली काम करताना केसभर हालचालही चालत नाही. केस गाठीपुरतेच काढले. कातडी उलटून कवटीला भोके पाडली, ती कापून हाडाची एक झडप उचलली. गाठीच्या वरचे हाडही जाड झाले होते. नीलेवरचे हाड उचलताना सगळे श्वास रोखून असतात. तिला भोक पडले तर रक्त जाते ते जातेच, वर हवा आत शिरून हृदयापर्यंत पोचू शकते.

मऊ गाठ असली की काम सोपे. अल्ट्रासाउंडच्या कंपनाने गाठ फोडून लगेच शोषून घेणारे एक यंत्र असते, त्याला आम्ही क्युसा म्हणतो. त्याने गाठ आतून पोकळ करीत जायचे; मग भिंत आत दुमडते आणि मेंदूला हात न लावता तिला सोडवता येते. मेंदूला बाजूला ओढायचे नाही, गाठीला तिच्या स्वतःच्या पोकळीत ओढायचे, हा या शस्त्रक्रियेचा मुख्य नियम. दगडी गाठीत हा नियम पाळणेच अवघड होते. क्युसा तिच्यावर चालत नाही. दगड दुमडत नाही. आणि सबंध गोळा उपटायला जावे तर त्याचा खरखरीत पृष्ठभाग मेंदूच्या पातळ आवरणाला आणि रक्तवाहिन्यांना सोलून काढील. मग करायचे काय? हाड कोरण्याचे बारीक ड्रिल घेऊन गाठ आतून कोरत बसायचे, हिरकणीचे टोक लावून, वरून सतत पाणी सोडत, कारण ड्रिलची उष्णता मेंदूला पोचता कामा नये. पोकळी झाली की कडा निब्लरने तोडायच्या. एक तुकडा बुंदीएवढा, एक शेंगदाण्याएवढा. प्रत्येक तुकडा ट्रेमध्ये पडला की टक् असा आवाज येतो. इतर गाठींचा आवाज होत नाही. त्या दिवशी मी तो आवाज पाच तास ऐकला.

एका बाबतीत दगडी गाठ बरी. तिच्यात रक्त कमी असते, आणि आवरणातून तिला रक्त पुरविणाऱ्या धमन्या सुरुवातीलाच जाळून टाकल्या की मैदान कोरडे राहते. माझे काम हत्यारे देण्याचे आणि पॅटी मोजण्याचे. पॅटी म्हणजे मेंदूवर ठेवायच्या ओल्या कापसाच्या छोट्या पट्ट्या, प्रत्येकीला दोरा. आत गेलेली प्रत्येक पट्टी बाहेर आली पाहिजे. मोजणी जुळेपर्यंत सरसुद्धा टाका घालीत नाहीत. सगळ्या ऑपरेशनमध्ये सरांना थांबवण्याचा अधिकार सिस्टरला असतो तो एवढाच, आणि तो मी वापरत असे.

दुपारी तीनच्या सुमारास गाठ पेरूच्या सालीएवढी राहिली. मेंदूकडची साल सुटली. राहिला तो नीलेच्या भिंतीतला चतकोर. पाय हलविणाऱ्या भागाकडून येणाऱ्या दोन शिरा त्याच्या शेजारूनच नीलेत शिरत होत्या. सरांनी तिथे ड्रिल नेले, बराच वेळ बघत राहिले आणि मागे घेतले. कपाळाकडचा तिसरा हिस्सा असता तर नीला बांधून टाकताही आली असती. मधल्या भागात ती अजून वाहत असताना बंद केली, तर रक्त परतायला वाट राहत नाही, मेंदू सुजतो आणि दोन्ही पाय जाऊ शकतात. तुकडा तिथेच ठेवून, उघडी बाजू जाळून आम्ही बंद करायला घेतले.

दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये तो चतकोर पांढरा ठिपका दिसला आणि घरात वादळ झाले. उजवा पाय अजिबात हलत नव्हता, आणि वर अर्धी गाठ आतच ठेवली अशी बातमी वस्तीभर झाली. सरकारी योजनेतले ऑपरेशन म्हणून घाईने उरकले, पैसे भरले असते तर पूर्ण काढली असती, असेही लोक बोलले. मुलगा माझ्याशी आठ दिवस बोलला नाही. मी तेव्हा गप्प बसले, आता इथे लिहिते. सहा सेंटीमीटरच्या गाठीतला तो सेंटीमीटरभर तुकडा होता. तो ठेवण्यासाठी, काढण्यापेक्षा जास्त विचार करावा लागला होता. घाई केली असती तर तोही निघाला असता आणि मावशी खाटेला खिळल्या असत्या.

मागे राहिलेला तुकडा वाढत नाही असे नव्हे. डोनाल्ड सिम्पसन यांनी १९५७ साली जुन्या रोग्यांचा हिशेब मांडला होता. गाठ, तिचे मूळ आवरण आणि बाधित हाड सगळे काढले तर सुमारे दहात एकाला ती पुन्हा होते. काही भाग ठेवला तर दहात चारजणांना. आजही शल्यविशारद गाठ किती निघाली ते सिम्पसनच्या पायऱ्यांनीच सांगतात. पण सिम्पसन यांच्या रोग्यांना सी.टी. नव्हता. तो पहिल्यांदा माणसाच्या डोक्यावर वापरला गेला १९७१ साली लंडनमध्ये. आज ठेवलेल्या तुकड्यावर डोळा ठेवता येतो, वाढू लागला तर तो लहान असतानाच किरणांनी त्याची वाढ रोखता येते. नीलेतली गाठ वाढता वाढता कधी कधी नीला आपणच पूर्ण बंद करते, तोवर रक्ताने दुसऱ्या वाटा शोधलेल्या असतात आणि मग तो भाग काढणे कमी धोक्याचे होते. दगडी तुकडा पुष्कळदा वर्षानुवर्षे तसाच राहतो.

मावशींचा पाय पंधराव्या दिवशी अंगठ्यापासून हलू लागला. तपासणीचा अहवालही सौम्य प्रतीचा, वाळूच्या कणांनी भरलेला, असा आला. तीन महिने रोज व्यायाम झाला. तोही मला खोटे बोलून करून घ्यावा लागला. वर्षभर करावा लागेल असे सांगितल्यावर त्या तीन महिने टिकल्या. फिटची गोळी त्यांनी एकदा स्वतःच्या मनाने बंद केली आणि पंधरवड्यात पुन्हा फिट आली. त्यानंतर मुलगा स्वतः गोळी हातावर ठेवतो. ही गोळी कधी बंद करायची ते डॉक्टरांनीच ठरवायचे असते. जुने सगळे फोटो मुलाने एका पिशवीत जपले आहेत, आणि ते योग्य केले, कारण गाठ वाढली की नाही हे नव्या फोटोवरून कळत नाही, जुना शेजारी ठेवावा लागतो.

आता दोन वर्षांनी एकदा एम.आर.आय. होतो. शेवटचा झाला तेव्हा तुकडा पहिल्याएवढाच होता. मावशी वंदनेला येतात, खाली बसत नाहीत, खुर्चीवर बसतात. चालताना उजवा पाय किंचित फरफटतो. मागून पट्टा असलेली सँडल घालतात. ती सुटत नाही.